झुंबराचा हुक आणि माझी आत्या

माझी आत्या समारंभांना कलाकार ठरवून द्यायची. गाणारे-वाजवणारे नव्हेत, ते कुणालाही मिळतात म्हणे. कुणाला आगीचे पेटते गोळे फिरवणारा हवा असला, उंच काठ्यांवर चालणारी जोडी किंवा छताला टांगलेल्या कापडावर कसरत करणारी हवी असली, की लोक तिचं दार वाजवायचे. त्याआधी बावीस वर्षं तिने लिफ्टच्या कारखान्यात दोर तपासले होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिने नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. बाबा म्हणाले, “आता बस की घरी.”

“बसेन, म्हातारी झाल्यावर,” ती म्हणाली आणि पुढच्याच महिन्यात या धंद्यात पडली.

नवा कलाकार घेण्याआधी ती त्याच्या आधीच्या तीन यजमानांना फोन करायची. ‘कार्यक्रम चांगला झाला का?’ हे कधीच विचारायची नाही. “काय बिघडलं होतं आणि तेव्हा त्याने काय केलं?” एवढंच. ‘काहीच बिघडलं नाही’ असं कुणी म्हटलं की हिच्या कपाळावर आठी! विम्याच्या कागदावरची तारीख ती बोट ठेवून वाचायची. आगवाल्याशेजारी ओलं कांबळं घेऊन कोण उभं राहणार, त्या माणसालाही समोर बसवून घ्यायची. कलाकार पाठीमागे तिला ‘फौजदारीण’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मी फरशा बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. कंपनीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा साहेबांच्या मनात आलं की सभागृहाच्या मधोमध कापडावरची कसरत व्हावी. मीच आत्याचं नाव सुचवलं. तिने एक सव्वीस वर्षांची मुलगी ठरवली आणि समारंभाच्या तीन दिवस आधी आम्ही सगळे सभागृह बघायला गेलो.

व्यवस्थापकाने छताकडे बोट दाखवलं. “तो हुक बघा. दीडशे किलोचं झुंबर होतं त्याला. ही पोरगी म्हणजे पिसासारखी.”

“झुंबर उड्या मारत नव्हतं ना?” आत्या म्हणाली. “इंजिनिअरचा दाखला आहे?”

“बाई, वीस वर्षं बघतोय मी हा हुक.”

“मग दाखला नाही. म्हणजे कार्यक्रमही नाही.”

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “तुमच्या आत्याबाईंना जरा समजवा. पत्रिका वाटून झाल्यात.” माझे कान तापले. मी तिच्याजवळ जाऊन पुटपुटले, “आत्या, घे ना सांभाळून. माझी नोकरी आहे इथे.”

“तुझी नोकरी आहे, तिचा मणका आहे,” ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही.

शेवटी व्यवस्थापकच इरेला पेटला. “टांगून बघा काय टांगायचं ते!” बाहेर बांधकामासाठी आणलेली वाळू होती. तीन पोती दोराने बांधून वर चढवली. हुक हलला नाही. व्यवस्थापक हसला. “झालं समाधान?”

“अर्धं. ही वरून घरंगळत येते आणि मध्येच थांबते. तो झटका बघायचाय.”

तिने आम्हा सगळ्यांना दाराबाहेर काढलं. हुकावरूनच घेतलेल्या दुसऱ्या लांब दोराने पोती थोडी उचलून ती एकदम सोडायची, म्हणजे हुकाला झटका बसेल, असं दाराशी उभ्या दोघा कामगारांना सांगितलं. पहिल्या झटक्याला थोडी धूळ पडली. दुसऱ्याला ताटाएवढा गिलावा घेऊन हुक खाली आला. पोती फुटली, खालच्या दोन फरशांचे तुकडे झाले. ती मुलगी मटकन पायरीवर बसली. आत्या तिच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

साहेबांनीच मग विचारलं, “आता काय करायचं, बाई?”

आत्याने अंगणात चार पायांची लोखंडी चौकट उभी करवली, इंजिनिअरची सही घेतली आणि तेच झटके पुन्हा देऊन बघितले, या वेळी दुप्पट पोत्यांनी. खाली जाड गाद्या आल्या. चौकटीभोवती दोरी लागली, पाहुणे तिच्यापलीकडे.

समारंभाला भर दुपारी ती मुलगी लाल कापडावरून गिरक्या घेत खाली झेपावली आणि जमिनीपासून हातभर अंतरावर थांबली. सगळं अंगण उभं राहिलं. नंतर घाम पुसत ती आत्याला म्हणाली, “काकू, आठ वर्षं करतेय हे. वर असताना कापड कशाला टांगलंय याचा विचार आला नाही, असं आज पहिल्यांदाच झालं.”

आत्याने कसरत बघितलीच नव्हती. सगळा वेळ तिची नजर चौकटीच्या पायांवर होती. माझ्या शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, “त्या खांबापाशी उभ्या आहेत, त्या कोण हो?”

“माझी सख्खी आत्या,” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.