अनसाआजींना बघायला आलेले किसनबुवा

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल! मी कुणाचं स्थळ जुळवायला निघाले नव्हते हो, शपथ! पण गावानं ऐकलं तर पाहिजे ना!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी पुण्याकडची, नुकतीच नर्स झालेली. आणि नेमणूक कुठे? जऊळक्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर आठवड्यातून एकदा जवळच्या मालेगावहून यायचे. बाकीचे दिवस गावाची डॉक्टर मीच!

गावात अनसाआजी होत्या. गुडघे गेलेले, लेक सासरी, घरात एकट्याच. चुलीपाशी बसून स्वयंपाक झकास करायच्या, पण पाणी कोण आणणार? पलीकडच्या गल्लीत किसनबुवा. बायको वारलेली, मुलगा नागपूरला गिरणीत. पाय ठणठणीत, पण चूल पेटवायचं नाव नको. टपरीवरच्या चहा-चिवड्यावर दिवस काढायचे आणि चक्कर आली की माझ्या दारात!

गोळ्या देऊन देऊन मी थकले. गोळीनं काय होणार? एकाला भाकर हवी, एकीला पाणी. म्हटलं, दोघांची सांगड घालावी. बुवांनी पाणी भरावं, आजींची औषधं न्यावीत, आजींनी दोघांपुरत्या भाकरी थापाव्यात. केवढी हुशार मी!

बुवांना म्हटलं, "तुम्ही एकटे, इकडेही एक बाई एकटी. जमवून टाकू का? उद्या सकाळी अनसाआजींच्या ओट्यावर या."

बुवा चक्क लाजले! "तुमी म्हनसान तसं, बाई."

मला तिथंच कळायला नको?

आजींना सांगितलं, "उद्या किसनबुवा तुम्हाला बघायला येतील."

"मले पाह्याले? काहून?"

"पसंत पडलं तर कायमचंच जमेल ना!"

सकाळी जाऊन बघते तर काय! अंगण सारवलेलं, ओट्यावर घोंगडी, परातभर पोहे आणि अख्ख्या गल्लीतल्या बाया! आजी ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळाला आठ्या घालून बसलेल्या. समोर बुवा, गुळगुळीत दाढी, डोक्याला फेटा.

"वं माय, या वयात!" शेजारीण कुजबुजली.

"अहो, तसं नाही..." मी म्हणेपर्यंत आजींनी हात वर केला.

"थांबा बाई. तरणी होती तवा लोकं मले पाहून गेले. आता मीच पाहीन. बुवा, उठा! चालून दाखवा!"

बुवा ऐटीत उठले. दोनच पावलं टाकली आणि पाय थेट पोह्यांच्या परातीत!

हसून हसून बाया लोळायच्या बाकी होत्या. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपला हात बुवांच्या तोंडासमोर हलवला. बुवांची पापणीसुद्धा हलली नाही.

"बुवा, दिसत नाई तुमाले?"

बुवांनी चाचपडत पायाचे पोहे झटकले.

"सावल्या दिसतात नुसत्या," बुवा हळूच म्हणाले. "पोराले नका सांगू, अनसाबाई. तो मले नागपूरले घेऊन जाईल. तिथं परक्या खोलीत मी काय करू?"

चूल का पेटत नव्हती, ते आत्ता समजलं. आणि मी शहाणी त्यांना टॉनिक पाजत होते!

आजींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "आमी काय मेलो? बाई, तुमी बुवायच्या डोयाचं पाहा. भाकरीचं मी पाहीन."

पुढे मंगरूळपीरला डोळ्यांचं शिबिर लागलं. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. बैलगाडीतून आजीही हट्टानं आल्या आणि पट्टी सुटेपर्यंत उशाशी बसून घास भरवत राहिल्या. लग्नबिग्न काही नाही हो! पण गावी परतल्यावर पाणी, औषध, भाकर सगळं सुरळीत सुरू झालं. एवढंच काय, गल्लीतले आणखी म्हातारेही आजींच्या ओट्यावर जेवायला जमू लागले.

जाड भिंगांचा चष्मा आला, त्या दिवशी बुवा दवाखान्यात आले. मला वाटलं, आता आशीर्वाद मिळणार. तर ते माझ्याकडे टक लावून बघतच राहिले.

"तुमीच त्या नर्सबाई?"

"हो, मीच!"

"आरं देवा! तुमी तं लहानशी पोरगी!"

"मग काय वाटलं होतं?"

बुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आवाजावरून मी तुमाले साठीच्या समजून राह्यलो होतो. त्या सकाळी, बाई, मी तुमालेच पाह्याले आल्तो!"