लवकर निघालेले नकाशे

दुष्काळ सरला तसं आमच्या उस्मानाबादच्या कचेरीत एकच घाई सुरू झाली, धरणाची. पाण्याखाली जाणाऱ्या आणि भिंतीच्या मातीसाठी लागणाऱ्या जमिनींचे नकाशे उतरवायचं काम माझ्याकडं होतं. गावाचा भला मोठा नकाशा पसरायचा, त्यावर पारदर्शक कापड टाकायचं आणि रेघ न् रेघ शाईनं गिरवायची. एका गावाला महिना जायचा.

मला मुळात धीर कमी. मी दोन टेबलं जोडली, चार बाजूंना चौघं बसवले आणि प्रत्येकाला नकाशाचा एकेक कोपरा वाटून दिला. पलीकडच्यांना सगळं उलटं दिसायचं, म्हणून त्यांनी नुसत्या रेघा ओढायच्या, आकडे मागाहून घालायचे. धरणाला न लागणारी शेतं सोडूनच द्यायची. महिन्याचं काम आठवड्यात उरकू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि माझी कॉलर ताठ झाली. भाऊबीजेला तेरणाकाठी बहिणीच्या गावी गेलो, तर ओवाळून घेताना तिलाही हेच ऐकवलं. तिचं शेत त्यात होतं. पण ज्वारी निघाल्यावरच ताबा घेतील, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

नकाशे लवकर, म्हणून मोजणी लवकर, म्हणून ताबाही लवकर. पौषात बहिणीनं नेहमीसारखं हुरड्याला बोलावलं. जाऊन बघतो तर अर्धं शेत ट्रॅक्टरनं आडवं केलेलं, उरलेल्यात चुन्याच्या खुणा. कणसांतला दाणा अजून हिरवाच होता. बहीण आगटीत कणसं भाजत होती. मला तिच्याकडं बघवेना.

शेजारच्या शेतातले एक म्हातारे आगटीजवळ येऊन बसले. त्यांचं तर सगळंच रान गेलं होतं.

"रास होईस्तोवर थांबले असते तर काय बिघडलं असतं? कुणाला एवढी घाई झाली हुती?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, तुमी तिकडंच हाव न्हवं? नकाशाच्या कचेरीत?"

मी तोंड उघडायच्या आत बहीण म्हणाली, "शिपाई हाय त्यो, मामा. सायबाला च्या-पाणी आणून देतो. त्याला काय कळतंय त्यातलं?"

एरवी मला कुणी शिपाई म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. त्या दिवशी मान खाली घालून आगटीतली कणसं परतू लागलो.

म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हातावर चोळलेला गरम हुरडा माझ्या ओंजळीत ओतला.

"खा, बाबा," ते म्हणाले. "तुझा काय दोस त्यात?"

मी खाल्ला.