दाट, तरीही सूतभर फरक

ये गं, अशी जवळ बस, कागदावर का होईना. दारातूनच ‘निघते’ म्हणायची खोड मोडायला पायजे तुझी एकदा. रोज संध्याकाळी फोन करतेस, करत नाहीस असं मी म्हणत नाही. पण विचारतेस काय? ‘मावशे, जेवलीस का? गुडघा कसा आहे?’ झालं. तोच फोन पुढं दौंडला आईला लावतेस आणि तासभर गणित सांगत बसतेस. मावशीला भाकरी विचारायची आणि आईला गणित सांगायचं, ही कुठली रीत गं?

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. ही माझी भाची, धाकट्या बहिणीची लेक. पुण्यात राहून गणितात पीएचडी करते. तिची आई दौंडला कॉलेजात गणित शिकवते. आणि मी शिरूरला ब्लाउज शिवते. तिघींत मीच तेवढी शाळा सोडलेली.

सोडलेली म्हणजे सोडवलेली. धाकटी जन्मली तवा मी सातवीत होते. आई निमोण्याच्या मळ्यात कांदे खुरपायला जायची, मग पाळण्यापाशी कोण थांबणार? माझी सातवी त्या पाळण्याच्या दोरीला बांधली गेली ती कायमची. पुढं तीच पाळण्यातली पोर बी.एस्सी. झाली, तवा तिची जुनी पुस्तकं मी रद्दीत जाऊ दिली नाहीत. मशीनशेजारी पेटीत ठेवली आणि शिलाईतून उसंत मिळेल तशी वाचत गेले. निम्मं कळलं, निम्मं कळल्यासारखं वाटलं. गोडी होती म्हणून वाचलं असं लोकांना सांगते. खरं म्हणजे जळत होते म्हणून वाचलं. तिला येतं आणि मला येत नाही, हे बघवत नव्हतं.

मग तू आलीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत सात वर्षांची तू माझ्या मशीनखाली चिंध्या गोळा करत बसायचीस. एक दिवस मान वर काढून विचारलंस, “मावशे, पट्टी तर सरळ हाय. मग मुंढा गोल कसा कापतेस?”

मुंढा म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात ती गोलाई. माझ्याकडं गोलाईची पट्टी कधीच नव्हती. मी खडूनं ठिपके द्यायची आणि दोन-दोन ठिपके सरळ पट्टीनं जोडायची. तुला म्हणाले, “ठिपके जवळ जवळ घ्यायचे. रेघा बारक्या झाल्या की गोल दिसतं.”

“दिसतं, पण असतं का?”

“न्हाई. पण बाही बसती ना? मग गप.”

तू गप बसली नाहीस. ठिपक्यांच्या मधे ठिपके देत राहिलीस, माझा अख्खा खडू संपवलास. त्या दिवशी मला वाटलं, ही पोर माझी. आईच्या पोटची असू दे, पण डोक्यानं माझी.

आता गेल्या महिन्याचं ऐक. तू दौंडला आलीस म्हणून मी मुद्दाम एसटी धरली, चौफुल्याला उतरून दुसरी गाडी घेतली, मांडीवर तुझ्यासाठी मेथीची जुडी. घरात शिरले तर तू आणि तुझी आई फळ्यापुढं. “ये अक्का, बस, हे एवढं होऊ दे,” म्हणाली ती. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. हात मेथीत आणि कान फळ्याकडं.

तू सांगत होतीस की बहुपद्या किती साध्या, क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, त्यांच्या नुसत्या बेरजा. आणि अखंड, म्हणजे मधे कुठं न तुटणारी, फंक्शनं किती तऱ्हेतऱ्हेची. तरी त्या सगळ्या फंक्शनांत बहुपद्या डेन्स असतात.

“डेन्स म्हंजी?” मी आतून विचारलं.

“दाट, अक्का,” तुझी आई म्हणाली.

हातात मेथी होती, तोंडातून निघून गेलं, “दाट झाल्यात तर विरळणी करा की! एक आड एक उपटा.”

दोघीही हसलात. तू तर फळ्याला टेकून हसलीस. तुझं मला काही वाटलं नाही. पण तुझी आई हसू आवरून म्हणाली, “अगं अक्का, ते दाट वेगळं. तुला नाही कळायचं ते.”

चहा घेतला, गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला अजून वेळ होता. स्टँडवर बसून राहिले आणि शिरूर येईस्तोवर एकच म्हणत होते, नाही कळायचं? जिचा पाळणा मी हलवला, ती मला म्हणते नाही कळायचं?

घरी येऊन पेटी उघडली. तिच्याच पुस्तकात शोधलं. तीन दिवस कुणाचा एक ब्लाउज मशीनवर चढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक कटकटी गिऱ्हाईक आलं. “मुंढा सूतभर इकडं गेलाय,” म्हणे. सूत म्हणजे आमचं सगळ्यांत बारकं माप, इंचाचा आठवा भाग. मी म्हणाले, “सुताच्या आत आणून देते.” ती म्हणे, “अर्ध्या सुताच्या आत पायजे.” मी म्हणाले, “तुम्ही म्हणाल त्याच्या आत. ठिपके वाढवीन, दुसरं काय?”

आणि बोलता बोलता हातातली कात्री थांबली. हेच की ते! मळ्यातलं दाट म्हणजे मधे जागाच नाही. तुमचं दाट तसं नाही. फंक्शनाच्या जागी गोलाई धर आणि बहुपद्यांच्या जागी माझ्या बारक्या रेघा. कुठलीही गोलाई आणा, फरक किती चालेल ते तुम्ही सांगा, अगदी बारीक सांगा, त्याच्या आत बसणारी एक रेघ माझ्या सरळ पट्टीची निघणारच. मधे जागा राहते, राहू दे. गोलाई मला कधीच मिळत नाही, पण तिच्यापासून मला लांब ठेवणारं मापही कुणाला सांगता येत नाही. त्या बाईला वाटलं मी तिच्यावर खूश झाले. तिचा ब्लाउज मी फुकट नीट करून दिला.

पण मी तिथं थांबले नाही. हे तुझ्या आईला अजून बोलले नाही, तुलाच पहिलं सांगते. चौकोनी गळा घे. रेघ आडवी चालते आणि कोपऱ्यापाशी एकदम खाली उडी मारते. माझी अखंड रेघ उडी मारू शकत नाही, तिला उतरूनच जावं लागतं. उतार कितीही उभा केला तरी त्या कोपऱ्याशेजारी टेप सरळ उभा धरला, की कुठं तरी निम्म्या खोलीइतका फरक राहतोच. सुताची गोष्टच सोड. म्हणजे दाट नाही. पण टेप ठेवून दिला आणि नुसती कातरण मोजली, चुकून जास्त-कमी कापलेलं कापड, तर ती मी चिमटीत मावेल इतकी कमी करू शकते. मग दाट! रेघा त्याच, गळा तोच. तर दाट आहे की नाही हे मोजणाऱ्यावर ठरतं का गं? हे तुमच्या पुस्तकात कुठं लिहिलंय का मीच येडी?

रात्रंदिवस एवढं गिरवून एक गोष्ट कळली, ती गणितातली नाही. तुझी आई आणि मी, आमच्यात सातवीपाशी एक उडी आहे. मी सगळी उमर टेप घेऊन त्याच कोपऱ्यावर बसले. प्रत्येक वेळी फरक तेवढाच निघायचा आणि पोटात तेवढंच दुखायचं. कातरण, म्हणजे सगळी उमर मिळून आम्ही किती लांब राहिलो ते, मोजायचं कधी सुचलं नाही. आता सुचलंय, म्हणून जळणं थांबलं असं समजू नकोस. आजही दौंडला फोन लागला आणि इकडं नुसतं ‘जेवलीस का’ आलं, तर मी जेवले नाही म्हणूनच सांगणार आहे.

तेव्हा फोनवर उत्तर देऊ नकोस, मी ऐकायची नाही. चौकोनी गळ्याचा कागद कापून ठेवलाय, खडूचा नवा डबाही आणलाय. येत्या सुट्टीला पुण्याहून आधी शिरूरची गाडी धर, दौंडला मग जा. वाट वाकडी होईल, होऊ दे. लवकर ये गं.