कमल पडद्यावर काय बघून हसली

चहा गार व्हायच्या आत ऐकून घ्या, नाहीतर ही फजिती कमलच्या तोंडून कळेल, आणि ती काय मीठमसाला लावल्याशिवाय सांगायची नाही!

मी अहमदपूरची रिटायर मास्तरीण. दर रविवारी सकाळी आमच्या विहारात बायांचा ध्यानाचा वर्ग घेते. त्यामुळं गावात नाव झालेलं, बाईंचं मन कसं जागेवर! खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

माझी भाची पूजा मेंदूवर संशोधन करते. रिकामं बसलं की माणसाचं मन आपोआप कुठंकुठं भटकतं ना? तेव्हा मेंदूत काय चालतं, ते एमआरआय काढून बघायचं. तिला साधी माणसं पाहिजे होती, आणि ध्यानात मुरलेलीही. "मावशी, मुरलेली म्हटलं की तूच!" मग काय, फुगून निघाले लातूरला. सोबतीला शेजारची कमल. माझ्या वर्गातली सगळ्यात जुनी बाई.

सेंटरमध्ये बांगड्या, कानातलं, सगळं काढून ठेवलं. पूजानं हातात बटणं दिली. "श्वासाकडं लक्ष दे. मधीमधी समोर प्रश्न येईल, मन श्वासावर आहे का दुसरीकडं? खरं असेल ते दाब. मन गेलं तर जाऊ दे, तेच तर बघायचंय." मग कमलला काचेपलीकडं बसवत म्हणाली, "मावशी आत गेली की इथं पडद्यावर सगळं दिसतं."

सगळं?

मशीन सुरू झाली. खडखड, धडधड! पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यासारखं. मग जरा थांबली, तर स्पीकरवरून पूजाचा आवाज, "मावशी, हलू नको हां," आणि तिच्यामागून कमलचं हसणं, "अगं बया! असं हाय व्हय ताईंच्या डोक्यात!"

मेले! हिला सगळं दिसतंय. आणि त्या घडीला माझ्या डोक्यात काय होतं? कांदाभजी!

भज्यांचं एक वेळ चालेल. पण कमलबद्दल काही यायला नको, असं मी मनाला दटावलं. झालं! कमलच येऊन बसली. ती ध्यानात घोरते हो. आणि तिला वर्गातून गोडीनं कसं कटवावं, ह्याचा मी आठवडाभर विचार करून राहिले होते. तो अख्खा बेत डोक्यात हजर! समोर प्रश्न आला, मन कुठं आहे? मी दाबलं, श्वासावर. परत प्रश्न. परत श्वासावर. श्वास कुठला, मला घाम फुटला होता!

बाहेर आले ती सरळ कमलचा हात धरला. "कमल, तू बघितलंसच. तुला वर्गातून काढायचं माझ्या मनात होतं. पण आता न्हाई काढत."

कमलचा चेहरा उतरला. "मला काढणार होता? कामून?"

"घोरतेस म्हणून! दिसलं ना पडद्यावर?"

पूजानं कपाळाला हात लावला. "मावशी! पडद्यावर मेंदू दिसतो, विचार नाही. कुठला भाग कधी जास्त कामात होता तेवढं कळतं. तेही नंतर, खूप जणांचं एकत्र बघितल्यावर."

"मग ही हसली कशाला?"

"आक्रोडावानी दिसून राहिलं म्हणून," कमल पुटपुटली.

बटणं खोटी दाबली, तेही पूजाला सांगून टाकलं. दुसरं काय करणार?

परतताना एसटीत कमल खिडकीबाहेर बघत बसली. मला लई वाईट वाटलं. मन भटकतं ह्यात लाजायचं काय? सगळ्यांचंच भटकतं. मी ते झाकायला गेले, आणि जे कुणाला दिसलंच नव्हतं ते माझ्याच तोंडानं सांगून बसले. वर मैत्रीण दुखावली.

"कमल," मी म्हटलं, "ये गं रविवारी. पाहिजे तेवढं घोर. तू नसलीस तर मला करमणार न्हाई."

ती वळली. डोळे ओले, पण ओठांत हसू. "येते की. पण ताई, एक इचारू?"

"इचार ना."

"वर्गात बाकीच्या बाया तर कधी कायबी बोलल्या न्हाईत. सगळ्या श्वासात बुडालेल्या ऱ्हात्यात. मग माझं घोरणं एकट्या तुम्हालाच कसं ऐकू येतं?"

मी उठले, पुढं गेले आणि कंडक्टरला विचारलं, "अहमदपूर अजून किती लांब आहे हो?"