एकाच पिंजऱ्यातले उंदीर

प्रयोगशाळेत सगळे तिला रुमालबाई म्हणत. तळघरातल्या उंदरांच्या खोलीचं दार नुसतं किरकिरलं, तरी वरच्या मजल्यावर हिचा रुमाल नाकाला! आणि काम काय, तर उंदरांच्या लेंड्यांमधल्या जंतूंचे आकडे तपासायचे. प्रयोगशाळेने पचनासाठी काढलेली नवी पावडर खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या उंदरांच्या पोटातल्या जंतूंमध्ये खरंच फरक आहे का, हे ती ठरवायची. लेंडी मात्र तिने कधी पाहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तिची रीत सोपी होती. ‘खाल्ली’, ‘नाही खाल्ली’ ही लेबलं संगणकात पत्त्यांसारखी पुन्हा पुन्हा पिसायची. अशा उगाच पाडलेल्या गटांतही तेवढाच फरक दिसला, तर पावडरीचं कौतुक नाही. या वेळी तो एकदाही दिसला नाही. साहेब खूश. तीही खूश, कारण भावाचं बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलेलं, दवाखान्यात होतं. दूध पचत नव्हतं. “ताई, तुमची ती पावडर कशी आहे गं?” भाऊ रोज विचारायचा. “चांगली आहे रे,” तिने सांगून टाकलं. बाळाचं साहेबांच्याही कानावर घातलं.

मग एका नमुन्याच्या चिठ्ठीवरची अक्षरं पुसली गेली आणि तिला खाली जावंच लागलं. रुमाल दाबून ती पिंजऱ्यापाशी वाकली. एक उंदीर दुसऱ्याची ताजी लेंडी पुढच्या दोन पायांत धरून बिस्किटासारखी कुरतडत होता. शी! तिने रुमाल आणखी घट्ट दाबला, आणि तेवढ्यात डोकं चाललं. एका पिंजऱ्यातले सगळे एकमेकांचं खाणार, म्हणजे सगळ्यांची पोटं सारखीच होणार. पावडरीचे पिंजरे दोन, बिनपावडरीचे दोन. तिने मात्र प्रत्येक उंदीर सुटा मोजला होता. पिसायला हवे होते अख्खे पिंजरे.

तसं करून पाहिलं. चारच पिंजरे, फरक पावडरीचा की पिंजऱ्याचा, काही म्हणजे काही सांगता येईना. ते आकडे घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

“अहो बाई, उंदीर काय खातात ते कोण विचारतंय?” साहेब हसले. “पहिलाच अहवाल राहू द्या. खालची घाण वर कशाला आणता?”

साहेबांच्या कपड्यांना अत्तराचा वास येत होता. त्या वासानेच तिला शिसारी आली. त्याहून जास्त किळस आली स्वतःची, त्या घडी घातलेल्या स्वच्छ रुमालाची.

तेवढ्यात भावाचा फोन. “ताई, सुरू केली बघ! तुझ्या साहेबांनी मुद्दाम डबा पाठवला. डॉक्टर का-कू करत होते, मी म्हटलं, आमच्या ताईनं तपासलीय.”

“आत्ताच्या आत्ता बंद कर.”

“अगं, तूच तर म्हणालीस ना?”

“मी उंदीर बघितलेच नव्हते रे! डॉक्टरांना फोन दे.”

साहेब दार लावायला उठले. तिने पायाने दार अडवलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात डॉक्टरांना लेंडीपासून सांगायला सुरुवात केली.