बिअर म्हणजे चहा नव्हे

आधीच सांगते, मी आवाज चढवला नव्हता.

आज दुपारी क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये मी तीन आठवडे आंबवलेली बिअर बाटल्यांत भरत होते. या टप्प्यावर तिला हवा लागली, तर चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. म्हणून नळी बाटलीच्या तळाशी टेकवून सावकाश भरायची आणि लगेच झाकण दाबून बसवायचं.

बाबांचे मित्र देशमुखकाका, जहाजावरचे इंजिनिअर, भेटायला आले होते. मी झाकणं आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी मदत म्हणून पाण्याच्या जगमधून दोन बाटल्या भरल्या. हातभर उंचीवरून, चहा गार करताना ओततात तशा.

"काका, थांबा. हवा मिसळतेय."

"अगं, फेसाशिवाय बिअर कसली? तीस वर्षं पितोय मी."

"तुम्ही पिताय. बनवतेय मी."

काकांनी जग खाली ठेवला. म्हणाले, "बाबांशीपण अशीच बोलतेस?"

"ते माझ्या नळीला हात लावत नाहीत."

त्या दोन बाटल्यांवर मी त्यांच्यासमोरच त्यांचं नाव लिहिलं. महिन्याभराने त्यांना जेवायला बोलावून त्याच पाजणार आहे, शेजारी माझी एक ठेवून.

मोठ्यांनी प्रेमाने बिघडवलेलं काम तुम्ही हसून सोडून देता? का?