पेद्रूकाकांचा बाप्तिस्मा, बाबांची जन्मतारीख

दुबईला पहिल्यांदा निघाले त्या सकाळी गोव्यातल्या कोरगावच्या घरी बाबांनी माझा पासपोर्ट उघडला, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुझी तरी खरी आसा गो." त्यांच्या जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून ठोकून दिला. मी तिकडून दर एक जूनला व्हिडिओ कॉल लावायची, तर म्हणायचे, "मास्तरांक सांग हॅपी बर्थडे!" पण यंदा आजारातून उठल्यावर म्हणाले, "मरच्या आदीं जन्मलो केन्ना, तितलें तरी कळूंक जाय." रजा टाकली आणि आले.

हाती काय, तर आजीचं एक वाक्य. बाबांचं बारसं आणि शेजारच्या पेद्रूचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. आमच्या घुगऱ्या नि त्यांचं नारळ-गुळाचं दोदोल एकाच पाटीतून गावात वाटलं. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे पेद्रूकाकांच्या बाप्तिस्म्याची तारीख मिळाली की बाबांची आलीच! इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

पेद्रूकाका स्वतःच आपली नोंद पाहण्याचा अर्ज घेऊन आमच्याबरोबर इगर्जीत, गावच्या चर्चमध्ये आले. जुनी वही आडनावावर नव्हे, नावावर लावलेली. आणि अहो, अर्धा गाव पेद्रू! पाद्रींनी न कंटाळता एकेक पोर्तुगीज ओळ वाचली. काकांच्या आईचं नाव जुळलं तिथे थांबले. बाप्तिस्मा रविवारचा, जन्म त्याआधी नऊ दिवसांचा, शुक्रवारी. मी रविवारपासून अकरा दिवस मागे मोजले. बाबांचा बुधवार निघाला.

"म्हणजे हांव दोन दिसांनी व्हडलो!" बाबा ओरडलेच. जन्मभर मोठेपणा मिरवला होता पेद्रूकाकांनी. ते म्हणाले, "आतां तुका दादा म्हणूं?" आणि दोघेही हसता हसता रडायला लागले. बाबांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली.

दुबईबद्दल माझी तक्रार नाही. तिनं मला पोसलं, घरचं छप्पर नवं केलं. पण बारा वर्षांत शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. माझ्यासारख्या गेलेल्यांनो, जिथे आपल्या घरात न लिहिलेला दिवस शेजाऱ्यांच्या वहीत जपलेला असतो, ते माझं गाव. पेद्रूकाकांच्या घराचे उपकार कसे फेडू?

खरी तारीख दिवाळीनंतर येते. मॅनेजरला आत्ताच सांगून ठेवलंय, त्या आठवड्यात मी नसेन. बाबांचा पहिला वाढदिवस आहे, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि ओवाळायला पेद्रूकाकांची बायको येणार आहे.